लंडनमध्ये नोकरी, घर लंडनबाहेर: परवडणारं गाव कसं निवडावं

लंडनच्या ऑफिसातली नोकरी पक्की होते, व्हिसा येतो, आणि आपण राइटमूव्ह या घरांच्या जाहिरातींच्या साइटवर घरं बघायला बसतो. मध्य लंडनमधल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची भाडी बघून छाती दडपते. मग ओळखीपाळखीत विचारणा सुरू होते. एक जण सांगतो स्लावला या, सगळे आपलेच आहेत. दुसरा रेडिंगला बोलावतो, तिसरा म्हणतो मिल्टन कीन्ससारखं मोकळं गाव नाही. तिघांचंही खरं असतं, कारण तिघांची ऑफिसं तीन वेगळ्या दिशांना असतात. तुमचं ऑफिस कुठे आहे, घरात कमावणारे किती, मुलं शाळेत जाणारी आहेत का, हे त्यांनी विचारलेलं नसतं.

मी स्वतः या सगळ्यातून गेलोय आणि नंतर बऱ्याच जणांना घर शोधताना मदत केलीय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: गाव निवडण्याआधी स्टेशन निवडायचं असतं, आणि भाड्याच्या आकड्यावर एकट्यावर कधी विश्वास ठेवायचा नसतो. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय. नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये भाडेकरूंचे कायदे वेगळे आहेत.

१. आधी ऑफिसचा पत्ता, मग टर्मिनस

लंडनला एकच मोठं स्टेशन नाही. प्रत्येक दिशेच्या गाड्या वेगवेगळ्या टर्मिनसला येऊन थांबतात. पश्चिमेकडच्या पॅडिंग्टनला, वायव्येकडच्या यूस्टनला, नैऋत्येकडच्या वॉटर्लूला, पूर्वेकडच्या लिव्हरपूल स्ट्रीट किंवा फेनचर्च स्ट्रीटला. दक्षिणेकडून येणाऱ्या व्हिक्टोरिया आणि लंडन ब्रिजला येतात. म्हणून ऑफर लेटरवरचा ऑफिसचा पिनकोड नकाशात टाका आणि चालत पंधरा मिनिटांत कोणतं टर्मिनस किंवा कोणती थेट लाइन आहे ते बघा. तुमच्या शोधाची दिशा तिथेच ठरते.

दोन लाइनी मात्र शहराच्या आरपार जातात आणि नवख्या माणसासाठी त्या फार मोलाच्या आहेत. पहिली एलिझाबेथ लाइन. २४ मे २०२२ ला तिचा मधला भाग सुरू झाला. ती पश्चिमेला रेडिंग आणि हीथ्रोपासून पूर्वेला शेनफील्ड आणि अॅबी वुडपर्यंत जाते, वाटेत पॅडिंग्टन, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट. अॅबी वुडच्या फाट्यावर कॅनरी वॉर्फ. दुसरी थेम्सलिंक. ती उत्तरेच्या बेडफर्ड, ल्यूटनकडून सेंट पॅनक्रस, फॅरिंग्डन, ब्लॅकफ्रायर्स, लंडन ब्रिज करत दक्षिणेला जाते. तुमचं ऑफिस या दोघींपैकी एकीवर असेल तर गाडी बदलण्याचा त्रास वाचतो, आणि जानेवारीच्या थंडीत त्याची किंमत चांगलीच कळते.

ऑफिस मुळात लंडनमध्ये आहे का, हेही तपासा. आयटीतल्या अनेकांच्या करारावर लंडन लिहिलेलं असतं आणि क्लायंट रेडिंगच्या ग्रीन पार्क या बिझनेस पार्कमध्ये किंवा थेट स्विंडनला असतो. मॅनेजरला ईमेल करून लेखी विचारा: आठवड्यातले किती दिवस, कोणत्या इमारतीत?

२. वेळ दारापासून दारापर्यंत मोजा

एजंटच्या जाहिरातीत ‘पॅडिंग्टन २५ मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. रेडिंगहून जलद गाडीला खरंच साधारण तेवढाच वेळ लागतो. पण त्याच रेडिंगहून एलिझाबेथ लाइनची थांबत जाणारी गाडी पॅडिंग्टनला यायला सुमारे तासभर घेते. स्लावचंही तसंच: जलद गाडी वीसएक मिनिटांत आणते, एलिझाबेथ लाइनला अर्ध्या तासाहून थोडा जास्तच वेळ लागतो. डोंबिवलीत राहिलेल्याला फास्ट आणि स्लोमधला फरक समजावून सांगायला नको. इथेही गावाची किंमत फास्ट थांबते की नाही त्यावरच ठरते. लँगली, बर्नम, टॅप्लो अशा मधल्या स्टेशनांजवळ घरं स्वस्त दिसतात त्यामागे हे एक कारण आहे.

तेव्हा वेळ अशी मोजा: घर ते स्टेशन, फलाटावर थांबणं, गाडी, टर्मिनसवर उतरून भुयारी रेल्वेपर्यंत चालणं, तो प्रवास, आणि शेवटी स्टेशन ते ऑफिसचं टेबल. नॅशनल रेलच्या साइटवर मंगळवार किंवा बुधवारची सकाळी सातची वेळ टाकून बघा. रविवार दुपारच्या वेळा बघून अंदाज बांधू नका. माझ्या मते एका बाजूने सव्वा तास ही मर्यादा धरावी. त्यापलीकडे रोज जाणारे लोक आहेत, पण नव्या देशात पहिल्या वर्षी बँक, डॉक्टर, शाळा, कागदपत्रं असं सगळं एकदम अंगावर येतं आणि संध्याकाळ हाताशी असावी लागते.

बसायला जागा मिळणं हा वेगळा मुद्दा, आणि मी त्याला खूप महत्त्व देतो. गाडी जिथून सुटते तिथे किंवा त्याच्या जवळपास राहिलात तर सकाळी बसून जाता. रेडिंग, शेनफील्ड आणि अॅबी वुड ही एलिझाबेथ लाइनची सुटण्याची ठिकाणं आहेत. ल्यूटनला अनेक गाड्या बेडफर्डहून येतात, त्यामुळे तिथे जागा मिळण्याची शक्यता पुढच्या सेंट ऑल्बन्सपेक्षा बरी.

शेवटची गाडी कधी आहे तेही बघून ठेवा. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात, तेव्हा अर्ध्या तासाचा प्रवास दीड तासाचा होतो. नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, गाड्या धावतच नाहीत.

३. पासाचा हिशेब

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

सीझन तिकीट आठवड्याचं, महिन्याचं आणि वर्षाचं मिळतं. महिन्याचा पास साप्ताहिकाच्या ३.८४ पट असतो आणि वर्षाचा ४० पट. म्हणजे वर्षाचा घेतला तर बारा आठवडे फुकट पडतात. एकरकमी पैसे नसतात ही अडचण खरी, पण बऱ्याच कंपन्या वर्षाच्या पासासाठी बिनव्याजी कर्ज देतात आणि दरमहा पगारातून कापतात. जॉइन होण्याच्या आठवड्यातच एचआरला हे विचारा. आणखी एक बारकावा: वर्षाचा पास मध्येच परत केला तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात पैसे मिळत नाहीत. दहाएक महिने वापरून झाले की परतावा शून्यावर येतो. त्यामुळे घर बदलायची शक्यता असेल तर पहिले तीन महिने मासिकावर काढा.

आठवड्यातून दोन दिवसच ऑफिस असेल तर फ्लेक्सी सीझन बघा. २०२१ पासून मिळणाऱ्या या पासात २८ दिवसांत कुठलेही ८ दिवस प्रवास करता येतो. तीन दिवस जात असाल तर सगळ्या पर्यायांची बेरीज करूनच ठरवा; प्रत्येक मार्गावर उत्तर वेगळं येतं.

आता एक उदाहरण घ्या. आकडे समजण्यापुरते आहेत. लंडनबाहेरच्या गावात भाडं १,३०० पौंड, भुयारी रेल्वेसकट साप्ताहिक पास १२० पौंडांचा. वर्षाचा पास ४,८०० चा, म्हणजे महिन्याला ४०० पडले. लंडनच्याच झोन ४ मध्ये (प्रवासभाड्यासाठी शहराचे मध्यापासून बाहेर असे झोन पाडलेत) तसाच फ्लॅट १,६०० ला आणि प्रवास महिना २५०. एकटा कमावता असेल तर बाहेर १,७०० आणि आत १,८५०. महिन्याला दीडशे पौंड वाचले. आता नवरा-बायको दोघंही रोज लंडनला जातात असं धरा: बाहेर २,१०० आणि आतही २,१००. भाड्यात वाचलेला पैसा सगळा रेल्वेला गेला आणि वर रोजचा तासभर दोघांचा गेला. म्हणूनच जोडप्यांना मी आधी विचारतो, दोघंही रोज जाणार का? उत्तर हो असेल तर हॅरो, हाउन्स्लो, क्रॉयडन, रॉमफर्ड असे लंडनच्या हद्दीतलेच बाहेरचे भाग आधी बघावेत. दोघांपैकी एकाला घरून काम असेल तर मात्र बाहेरचं गाव पुन्हा स्वस्त पडतं.

तिकिटांतले तीन सापळे:

‘लंडन टर्मिनल्स’ असं लिहिलेला पास फक्त मोठ्या स्टेशनांपर्यंतचा असतो. पुढचं भुयारी रेल्वेचं भाडं त्यात धरलेलं नसतं. ते हवं असेल तर झोनसह ट्रॅव्हलकार्ड घ्यावं लागतं.

ऑयस्टर कार्ड, म्हणजे लंडनच्या प्रवासाचं पैसे भरून वापरायचं कार्ड, एलिझाबेथ लाइनवर पश्चिमेला वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं. त्यापुढे स्लाव, मेडनहेड, रेडिंगला काँटॅक्टलेस बँक कार्ड किंवा कागदी तिकीट लागतं. भारतातलं कार्ड टॅप करता येतं, पण प्रत्येक वेळी परकीय चलनाचं शुल्क लागू शकतं, म्हणून इथलं खातं उघडेपर्यंत बँकेकडून दर विचारून घ्या.

तिशीपर्यंतच्या लोकांना रेलकार्ड, म्हणजे तिकिटावर सवलत देणारं कार्ड, काढायचा सल्ला सगळे देतात. सुटीच्या दिवशी फिरायला ते उत्तम. पण २६–३० रेलकार्डला सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत १२ पौंडांचं किमान भाडं आहे आणि सीझन तिकिटावर सवलत नाही. रोजच्या ऑफिसच्या हिशेबात ते धरू नका.

४. कोणत्या दिशेला काय आहे

सगळी गावं इथे सांगणं शक्य नाही. मला नीट माहीत आहेत त्यांबद्दल मोकळेपणाने लिहितो.

स्लाव: भारतातून येणाऱ्यांना उतरायला सगळ्यात सोपं गाव. भाजी, पीठ, पोहे, कढीपत्ता चालत जाऊन मिळतो, मंदिर आहे, हीथ्रो जवळ आहे, आणि पहिल्या महिन्यात शेजारी आपली भाषा ऐकू येणं याचा मोठा आधार वाटतो. मराठी कुटुंबं भरपूर. गावाला देखणं कुणी म्हणणार नाही, आणि काही रस्ते रात्री नकोसे वाटतात, पण मुलांच्या शिक्षणासाठी लोक इथे टिकून राहतात. त्याबद्दल पुढे लिहिलंय. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पैशाची स्थिती मात्र ध्यानात घ्या. स्लाव कौन्सिलने जुलै २०२१ मध्ये आर्थिक अडचणीची अधिकृत नोटीस काढली आणि २०२३–२४ ला कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा कर, जवळपास दहा टक्क्यांनी वाढवला. एरवी कौन्सिलला पाच टक्क्यांपर्यंतच वाढ करता येत होती.

रेडिंग: स्लावपेक्षा महाग, पण तिथे स्थानिक नोकऱ्या आहेत. हा फायदा लोक विसरतात. जोडीदाराला पुढे काम शोधायचं असेल तर ज्या गावात स्वतःची ऑफिसं आहेत ते गाव निवडणं शहाणपणाचं. मायक्रोसॉफ्टचं ब्रिटनमधलं मोठं ऑफिस रेडिंगलाच आहे, आणि आसपासच्या बिझनेस पार्कांत आयटीचं काम बरंच चालतं.

ल्यूटन: थेम्सलिंकवर, ऑफिस फॅरिंग्डन किंवा ब्लॅकफ्रायर्सकडे असेल तर फार सोयीचं. गावाला ल्यूटन, लीग्रेव्ह आणि एअरपोर्ट पार्कवे अशी तीन स्टेशनं आहेत, त्यामुळे शोध रुंदावता येतो. बरी पार्क भागात दक्षिण आशियाई दुकानं आहेत.

मिल्टन कीन्स: १९६७ पासून आखून वसवलेलं गाव, २०२२ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. घरं मोठी, मोकळी जागा भरपूर, आणि रेडवे नावाच्या लालसर वाटा पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वेगळ्या आहेत. यूस्टनला जलद गाडीने सुमारे ३५ मिनिटं. अडचण अशी की गाव पसरट आहे. स्टेशनपासून लांबचं घर घेतलंत तर स्वतःच्या मोटारीवाचून अडतं. वुल्व्हर्टन आणि ब्लेचली ही आणखी दोन स्टेशनं आहेत, त्यांच्या जवळही बघा.

वॉटफर्ड: यूस्टनच्या जवळ, ऑयस्टर चालतं, पण भाड्यात लंडनपेक्षा फारशी सूट नाही. हेमेल हेम्पस्टेडला घरं त्यामानाने बरी, मात्र तिथलं स्टेशन गावाच्या मध्यापासून चांगलंच लांब आहे. नकाशावर दिसत नाही इतकं चालावं लागतं.

ग्रेव्हझेंड: आग्नेयेला, केंटमध्ये. हाय स्पीड गाडीने सेंट पॅनक्रस सुमारे २५ मिनिटांत येतं, पण त्या गाडीसाठी जादा भाडं आहे. साध्या गाडीचा पास घेऊन त्या गाडीत बसलात तर दंड होऊ शकतो. इथे पंजाबी वस्ती जुनी आणि मोठी आहे, त्यामुळे किराणा मिळतो.

स्विंडन: गोव्याहून आलेल्यांची मोठी वस्ती इथे आहे, कोंकणी रस्त्यात ऐकू येते. घरं खरोखर स्वस्त. पण पॅडिंग्टन तासाभराच्या अंतरावर आणि पास महाग, म्हणून रोजच्या प्रवासासाठी मी सुचवणार नाही. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला किंवा तिथेच काम असणाऱ्याला उत्तम.

मराठी माणसं कुठे भेटतील ही काळजी गाव ठरवताना फार करू नका. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे, वायव्य लंडनमध्ये डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे आणि तिथल्या गणेशोत्सवाला लांबलांबून लोक येतात. शिवाय जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात मराठी मंडळींचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतोच.

५. घर कोणत्या कौन्सिलच्या हद्दीत पडतं ते बघा

पिनकोड एक आणि कौन्सिल वेगळी, असं इथे सर्रास असतं. ‘एसएल’ने सुरू होणारा पत्ता बघून लोक समजतात की घर स्लावमध्ये आहे. पण डॅचेट, विंडसर, मेडनहेड हे भाग विंडसर अँड मेडनहेड कौन्सिलकडे येतात आणि जेरार्ड्स क्रॉस बकिंगहॅमशायरकडे. कौन्सिल टॅक्स, कचऱ्याचे नियम, शाळाप्रवेश सगळं त्यावर बदलतं.

कौन्सिल टॅक्स भाडेकरूने भरायचा असतो. घराला ए ते एच असा बँड असतो आणि तो १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरवलेला आहे, त्यामुळे शेजारशेजारच्या घरांचे बँड वेगळे असू शकतात. सरकारी साइटवर पिनकोड टाकला की बँड दिसतो, कौन्सिलच्या साइटवर त्या बँडची वर्षाची रक्कम. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते.

मुलं असतील तर शाळा हाच निर्णायक मुद्दा ठरतो. रिसेप्शनचा, म्हणजे शाळेचा पहिला वर्ग, चौथा वाढदिवस झाल्यानंतरच्या सप्टेंबरात सुरू होतो आणि त्यासाठीचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. माध्यमिकचा ३१ ऑक्टोबरपर्यंत. तुम्ही वर्षाच्या मध्ये येणार असाल तर ‘इन-इयर’ प्रवेश घ्यावा लागतो, म्हणजे जिथे जागा रिकामी तिथे. म्हणून घर पक्कं करण्यापूर्वी कौन्सिलच्या प्रवेश विभागाला फोन करून विचारा: या इयत्तेत, या पत्त्याजवळ, आज जागा कुठे आहे? शाळा चांगली पण भरलेली असेल तर तिच्या समोर राहूनही उपयोग नाही.

स्लावमध्ये चार ग्रामर स्कूल आहेत आणि रेडिंगमध्ये दोन. या सरकारी, विनाशुल्क शाळा आहेत आणि प्रवेश परीक्षेवर मिळतो. परीक्षा इथल्या सहावीच्या (इयर सिक्सच्या) सुरुवातीला, सप्टेंबरात होते आणि नोंदणी त्याच्या कितीतरी आधी बंद होते. मूल नऊ-दहा वर्षांचं असेल तर हे वेळापत्रक आधी बघा, मग घर.

६. गाव दोनदा बघा

भारतातून घर बुक करू नका. पहिले तीन-चार आठवडे तात्पुरती खोली किंवा सर्व्हिस्ड अपार्टमेंट घ्या. पैसे जास्त जातात हे मान्य, पण नको त्या गावात वर्ष काढण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

आवडलेल्या गावात एकदा दिवसा जा आणि एकदा कामाच्या दिवशी अंधार पडल्यावर. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे तुम्ही वर्षातले कित्येक महिने स्टेशनवरून घरी अंधारात चालणार आहात. ती वाट स्वतः चालून बघा. दिवे आहेत का, वाटेत भुयारी पादचारी मार्ग आहे का, दुकानं उघडी असतात का. पोलिसांच्या साइटवर पिनकोडनुसार गुन्ह्यांचा नकाशा असतो. मध्यवर्ती भागात आकडे नेहमीच जास्त दिसतात, त्याने घाबरू नका. तुमच्या गल्लीत घरफोड्या किती झाल्या ते बघा.

हीथ्रोच्या आसपास बघत असाल तर विमानांकडे लक्ष द्या. पश्चिमेचा वारा असताना लंडनच्या बाजूने उतरणारी विमानं दुपारी तीन वाजता धावपट्टी बदलतात. म्हणजे हाउन्स्लोमधलं एखादं घर सकाळी शांत वाटतं आणि साडेतीनला दर दीड-दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं. तीनच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळी तिथे उभे राहा.

गाडी घेऊ असं म्हणून लांबचं घर घेण्याचा बेत असेल तर हे ध्यानात ठेवा: भारतीय परवान्यावर इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच चालवता येतं. नंतर इथला शिकाऊ परवाना काढून लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवख्याचा विमा महाग असतो आणि स्टेशनवरचं पार्किंग वेगळं. स्टेशनपासून वीस मिनिटांच्या चालण्यात घर, ही अट पहिल्या वर्षासाठी तरी सोडू नये असं मला ठामपणे वाटतं.

७. घर बघताना

भाडं आठवड्याचं लिहिलंय की महिन्याचं ते वाचा. आठवड्याला ३०० म्हणजे महिन्याला १,२०० नव्हे. ३०० ला ५२ ने गुणून १२ ने भागायचं, म्हणजे १,३०० होतात.

ओल हा इथला मोठा शत्रू आहे. खिडक्यांच्या कडा, कपाटामागची भिंत, न्हाणीघराचं छत नीट बघा. ताजा रंग एकाच कोपऱ्यात दिसला तर कारण विचारा. ऊर्जा प्रमाणपत्रावर ए ते जी अशी श्रेणी असते. भाड्याच्या घराला किमान ई लागते. सी असलेलं घर घ्या, हिवाळ्यात बिलात फरक दिसतो. विजेचा-गॅसचा मीटर आधी पैसे भरायचा आहे का तेही विचारा.

स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा आहे की तोच धूर गाळून आत सोडणारा, हे बघणं आपल्यासाठी अगत्याचं. बैठकीलाच जोडलेलं स्वयंपाकघर आणि आत फिरवणारा पंखा असेल तर मिरचीच्या फोडणीने धुराचा अलार्म हमखास वाजतो.

८. कागदपत्रं आणि पैसे

हे सगळं निघण्यापूर्वी पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये ठेवा. चांगलं घर इथे दोन दिवसांत जातं, तेव्हा कागद शोधत बसायला वेळ नसतो.

- पासपोर्ट आणि ई-व्हिसाचं ऑनलाइन खातं
- ‘राइट टू रेंट’साठीचा, म्हणजे भाड्याने राहण्याचा हक्क दाखवणारा, शेअर कोड. तो आर अक्षराने सुरू होतो. डब्ल्यूने सुरू होणारा कोड नोकरीसाठीचा असतो. लोक तोच एजंटला पाठवतात आणि काम अडतं. कोड ९० दिवस चालतो
- पगाराचा स्पष्ट उल्लेख असलेलं नोकरीचं पत्र किंवा करार
- भारतातल्या शेवटच्या तीन पे-स्लिप आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- आधीच्या घरमालकाचं पत्र. पुण्या-मुंबईतल्या घरमालकाने इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या तरी उपयोग होतो
- मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची नोंद, शाळेचे दाखले

एजंट साधारणपणे वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या ३० पट आहे का ते बघतात. १,३०० भाड्याला ३९,००० पगार लागेल. कमी पडला तर इथला जामीनदार मागतात. काही कंपन्या स्वतः हमीपत्र देतात, एचआरला विचारून बघा.

कायद्याने घर राखून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांपुरतंच, म्हणजे १,३०० च्या घराला १,५००. एजंटने तपासणीचे, करार छापण्याचे पैसे भाडेकरूकडून घेणं १ जून २०१९ पासून बंद आहे. डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत ठेवून त्याचे तपशील तुम्हाला दिले पाहिजेत. नव्या आलेल्यांकडून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागण्याची पद्धत सर्रास होती. २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने तिला आळा घातलाय. १ मे २०२६ पासूनच्या करारांत एका महिन्याहून जास्त आगाऊ मागता येत नाही, जाहिरातीपेक्षा जास्त भाडं स्वीकारता येत नाही, आणि भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडू शकतो.

९. फसवणूक

खोट्या जाहिराती परदेशातून घर शोधणाऱ्यांनाच गाठतात. भाडं आसपासच्यापेक्षा बरंच कमी, फोटो सुंदर, मालक ‘सध्या परदेशात’, किल्ली कुरियरने पाठवतो म्हणतो, आणि आज डिपॉझिट भरा नाहीतर दुसरा तयार आहे. यातलं काहीही दिसलं तर थांबा. स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाने घरात पाय ठेवल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका. एजंट तक्रार निवारण योजनेचा सभासद असणं आणि ग्राहकांच्या पैशाच्या संरक्षण योजनेत असणं सक्तीचं आहे. दोन्ही नावं त्याच्या साइटवर असतात, त्या योजनांच्या साइटवर जाऊन पडताळा. थेट मालकाकडून घेत असाल तर लँड रजिस्ट्रीत थोडी फी भरून घर कुणाच्या नावावर आहे ते बघता येतं.

१०. किल्ली हातात आल्यावर

सामान आत आणण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, भिंतीवरचे डाग, गालिच्यावरची भोकं, सगळं. मीटरांचे आकडे तारखेसह फोटोत घ्या आणि त्याच दिवशी वीज-गॅस कंपनीला कळवा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. एजंटने दिलेली सामानाची यादी न वाचता सही करू नका. फरक असेल तो ईमेलने पाठवा.

त्याच आठवड्यात कौन्सिल टॅक्सची नोंदणी, आणि जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून जीपी नाव घ्यायला नकार देऊ शकत नाही, तसं सांगितलं तर एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, नियम शांतपणे दाखवा. ई-व्हिसाच्या खात्यात आणि बँकेत नवा पत्ता टाका. वर्षाच्या पासासाठी एचआरचा फॉर्म भरून ठेवा, आणि गाडीला उशीर झाला तर भरपाई मागायची सवय लावा: बहुतेक रेल्वे कंपन्या १५ मिनिटांपासून पैसे परत देतात, पण अर्ज २८ दिवसांच्या आत करावा लागतो.